यूके: एमएस्सीनंतरचा व्हिसा दोन वर्षांचा की दीड?

सुनंदा, नाशिक
लेकीला लीड्सला डेटा सायन्सच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. कोर्स वर्षाचा, सप्टेंबर २०२६ पासून. एजंट म्हणतो, "नंतर दोन वर्षं तिथेच नोकरी, बिनधास्त पाठवा." भाचा म्हणतो, आता दीडच. कर्जासाठी घर तारण ठेवतोय. तिकडच्या कुणी खरं सांगेल का?

मँचेस्टरकर
ताई, भाच्याचं बरोबर आहे. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसाचा, अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं कायम. कोर्स कधी सुरू झाला ते बघत नाहीत, अर्जाची तारीख बघतात. लेकीचा अर्ज कोर्स संपल्यावर, म्हणजे दीडच. वाढवूनही मिळत नाही.

पण माझा राग त्या सहा महिन्यांवरून नाही. या व्हिसावर स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी जबाबदारी घेणारी कंपनी, लागत नाही, जवळजवळ कुठलंही काम चालतं. मग पोरं गोदामात नाहीतर हॉटेलात लागतात, पैसे येतात, बरं चाललेलं असतं आणि शेवटच्या तीन-चार महिन्यांत पळापळ. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा. त्याला स्पॉन्सर करायचा परवाना असलेली कंपनी, पदवीच्या पातळीचं काम आणि जुलै २०२५ पासून वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार. २०२४ च्या मार्चपर्यंत हाच आकडा २६,२०० होता! हे एजंट सांगत नाही, कारण त्याचं कमिशन प्रवेशावर असतं.

तळेगावची_लंडनमध्ये
अहो, घाबरवू नका त्यांना. शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना 'न्यू एंट्रंट' सवलत आहे, किमान ३३,४००. मी त्यावरच लागले.

मँचेस्टरकर
आहे ना, पण एकूण चार वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ त्यातच धरतात. दीड वर्ष तिथे गेलं की उरली अडीच. शिवाय ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांच्या हिशेबात येत नाही. म्हणून, ताई, लेकीला सांगा: पोचल्या पोचल्या नोकरीचे अर्ज सुरू कर. मोठ्या कंपन्यांची ग्रॅज्युएट भरती सप्टेंबर-ऑक्टोबरातच उघडते. नोकरी पक्की असेल तर कोर्स संपवून स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर जाता येतं.

सुनंदा, नाशिक
परवाना असलेल्या कंपन्या कशा ओळखायच्या?

तळेगावची_लंडनमध्ये
सरकारी वेबसाइटवर यादी आहे, फुकट. पण यादीतली कंपनी प्रत्येक जागेला स्पॉन्सर करतेच असं नाही. पहिल्याच फोनवर एचआरला स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.