मदत हवी आहे : पोर्शे ९११ कॅरेरा की बीएमडब्ल्यू एम२?

नमस्कार मंडळी, मी जालन्याचा. दोन्ही गाड्या सेकंड हँडच बघतोय. 2023 च्या आसपासच्या.

दोन्हींत 3.0 लिटरचं, सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, आणि ताकद मागच्या चाकांना. एम२ 460 हॉर्सपॉवरची, म्हणजे कॅरेरापेक्षा जास्तच, शिवाय मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळते. मला क्लच दाबून गाडी चालवण्यातच खरा आनंद वाटतो, त्यामुळं मन तिकडं ओढतं. पण ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागं, त्यामुळं वळणातून बाहेर पडताना मागच्या टायरला जी पकड मिळते, तिला तोड नाही असं मला वाटतं. मागची सीटं मात्र लेकरांपुरतीच.

समृद्धीवर काळजी नाही, तिथं 120 ची मर्यादा पाळूनच चालवणार. खरी चिंता आतल्या रस्त्यांची. अंबडकडं, बीडकडं जाताना गावागावात उंच गतिरोधक! ९११ ला पुढचा भाग उचलायची सोय ऑप्शनमध्ये येते; ती असलेलीच गाडी शोधावी का? स्टेपनी दोन्हींत नाही, आणि पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे. आडरानात टायर फाटला तर काय करता?

मे महिन्यात पारा 42 च्या वर गेल्यावर ट्रॅफिकमध्ये इंजिन किती तापतं? संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं यांपैकी एखादी रोज वापरणारं कुणी असेल तर सर्व्हिसिंग कुठं करता, वर्षाचा खर्च किती येतो, तेवढं सविस्तर सांगा.