कैलासपतीची सगळी पानं आठवड्यात गळली, झाड गेलं का?

सिंहगडरोडकर:
सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात तीन पावसाळ्यांपूर्वी कैलासपती लावला. आई शंकराच्या देवळात त्याच्या झाडाखाली फुलं वेचायची. ती गेली त्याच वर्षी हे रोप आणलं, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. गेल्या आठवड्यात पानं पिवळी पडली आणि चार-पाच दिवसांत एकही उरलं नाही. माळीमामा म्हणतात उन्हानं गेलं, काढून कडुनिंब लावू. मला ते काढू द्यायचं नाहीये. खाली काळी माती, दोन फुटांवर मुरूम. रोज दोन बादल्या पाणी घालतेय.

मुरुमातला_माळी:
ताई, काढू नका! कैलासपती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा सगळी पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा भरतो. शेंड्याजवळ नखानं साल जरा खरवडून बघा. आत हिरवं, ओलं असेल तर झाड जिवंत आहे.
रोजचं पाणी मात्र थांबवा. हे दक्षिण अमेरिकेतल्या सदाहरित जंगलातलं झाड. तिथे बऱ्याच भागांत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे पुण्यात ७००च्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून उन्हाळ्यात त्याला ओल लागतेच. पण काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. बोटभर माती उकरा, कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्या. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पालापाचोळा पसरा.

कोथरूडचा_भुंगा:
कोपरा पार्किंगपासून लांब आहे ना? फुलं थेट खोडावर लागतात, फळंही तिथेच. तोफगोळ्याएवढं, काही किलोंचं फळ बुंध्यालगत आदळून फुटतं आणि गर भयंकर घाण वास मारतो. आजूबाजूला बाक नको.
फुलं यायला अजून बरीच वर्षं आहेत, पण थांबा. त्यांत मध नसतो, तरी भुंगे परागासाठी येतात. फण्यासारख्या भागातले पराग फक्त त्यांच्या खाण्यासाठी, बी धरणारे पराग खाली शंकराच्या पिंडीसारख्या दिसणाऱ्या भागाभोवती. भुंगा आत शिरला की ते त्याच्या पाठीला लागतात. मी पहाटे तासभर उभा राहून बघतो.

सिंहगडरोडकर:
आत्ताच खरवडून आले, आत लख्ख हिरवं आहे! माती तर चिखलच झाली होती, पाणी बंद केलं. पार्किंग दुसऱ्या बाजूला आहे, बाक उद्याच हलवायला सांगते. आणि शेंड्याला तांबूस कोंब दिसतोय, माळीमामांनाही दाखवला.