अनुभव: जुन्या गावातला जगावेगळा पब (आणि छताला टांगलेलं मांजर)

कृष्णाकाठ
काल संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि वारा फिरला. आमच्याकडचा कारखाना सुरू होऊन चार-पाच दिवस झालेत. मळीचा तो गोडसर, जरासा आंबूस वास. घरात सगळे नाक मुरडतात. मी मात्र वाळलेला टॉवेल हातात धरून तशीच उभी, कारण मला एकदम बरी सेंट एडमंड्स आठवलं.

इंग्लंडमध्ये सफोक काउंटीत हे गाव आहे. आम्ही तेव्हा इप्स्विचला राहायचो आणि बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. तेहतीस वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट. लंडन दाखवलं, "बरं आहे" म्हणाले. राजवाडा दाखवला, "मोठा आहे" म्हणाले. बरीला बीटापासून साखर काढणारा कारखाना आहे म्हटल्यावर मात्र सकाळी सहाला अंघोळ करून, बूट घालून, दारात. आता आत कोण सोडणार! रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसते सायलो, म्हणजे साखर साठवायच्या उंच टाक्या, बघितले. बाबांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "हं. हंगाम ऐन भरात आहे."

मग उरलेला दिवस गावात. १०२० साली स्थापन झालेला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात १५३९ ला मोडला. त्याच्या पडक्या दगडी भिंतींच्या पोटातच लोकांनी घरं बांधलीत. खिडक्या, पडदे, कुंड्या सगळं. १२१४ मध्ये सरदारांनी इथे जमून जॉन राजाविरुद्ध शपथ घेतली म्हणे, आणि पुढच्या वर्षी मॅग्ना कार्टा, राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी सनद. एवढं ऐकून होईतो पाऊस आला आणि आम्ही समोर दिसलेल्या पहिल्या दारात घुसलो. तो निघाला पब. द नटशेल.

१५ फूट बाय ७ फूट. खोटं नाही, तेवढंच. आमच्या वाड्यातलं देवघर याच्यापेक्षा ऐसपैस. १८६७ पासून पब आहे. आणि बाबा माळकरी! "पबात?" "पाऊस थांबेपर्यंत हो बाबा." संत्र्याचा रस घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसले, हात एकदा माळेकडे गेला. छताला देशोदेशीच्या नोटा चिकटवलेल्या. आपली एखादी दिसते का म्हणून मान वर करून शोधायला लागले, तर नोटांच्या ऐवजी दिसलं मांजर. वाळून अगदी चिपाड झालेलं. तोंड उघडं, दात दिसतायत.

बारवाल्यानं सांगितलं की पूर्वी घर बांधताना भिंतीत मांजर चिणायचे, वाईट काही आत येऊ नये म्हणून. हे तसंच सापडलेलं. हात लावू नका, लावणाऱ्याचं भलं होत नाही म्हणतात. मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. वाटलं, आता उठतात. बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे दृष्ट. आपण दारावर कोहळा बांधतो तसं." आणि रसाचा घोट घेतला.

मग तो म्हणाला की १९८४ मध्ये इथे १०२ माणसं आणि एक कुत्रा मावले होते. बाबांचा चेहरा बघण्यासारखा. "त्यात काय, आमच्या यात्रेच्या एसटीत बसतात. पण कुत्रं कुठं होतं ते विचार. खाली होतं का कुणाच्या खांद्यावर?" विचारलं. त्याला नाही सांगता आलं.

आता तुम्ही लिहा. पब, बार, गुत्ता, काहीही चालेल. गाव जुनं हवं आणि जागेत काहीतरी वाकडं हवं.

चहाबाज
पहिला! बाबांना दंडवत. फोटो आहेत का मांजराचा?

पेठेतला
एकादशीच्या तोंडावर दारूचे धागे. चालू द्या.

कृष्णाकाठ
@पेठेतला अहो संत्र्याचा रस प्यायलेत ते, वाचा की नीट 😄
@चहाबाज फोटो आहे पण त्यात मांजर कमी आणि माझा अंगठा जास्त.

ट्रेंटकाठी
नॉटिंगहॅम. किल्ल्याच्या कड्याला टेकून एक पब आहे, यी ओल्ड ट्रिप टु जेरुसलेम. मागच्या खोल्या कडा कोरून काढल्यात, वालुकाश्म आहे, हात लावला तर रेती हाताला येते. भिंतीवर ११८९ लिहिलंय. वर एक छोटं लाकडी जहाज टांगलेलं आहे आणि त्याच्यावर बोटभर धूळ. ते जो पुसतो तो मरतो अशी समजूत, म्हणून कुणी हात लावत नाही.

आमच्या सासूबाई पाच मिनिटं गप्प बसल्या. मग हळूच मला, "फडकं आहे का गं पर्समध्ये?"

तिथे एक खुर्ची पण आहे, तिच्यावर बसलेल्या बाईला दिवस जातात म्हणतात. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली ही माझीच चूक. तासाभरात तीनदा म्हणाल्या, "बस की जरा, पाय दुखत असतील."

चहाबाज
😂😂 मग बसलात का?

ट्रेंटकाठी
उभ्यानं जेवले.

सेंट_आल्बन्सची_सून
११८९ वगैरे सगळं ठीक आहे पण सगळ्यात जुना पब आमचा. यी ओल्ड फायटिंग कॉक्स. अष्टकोनी इमारत, पूर्वी कबूतरखाना होता, पुढे कोंबड्यांच्या झुंजी चालायच्या म्हणून हे नाव. झुंजी १८३५ च्या कायद्याने बंद झाल्या, नाव राहिलं.

ट्रेंटकाठी
हे असं सगळेच म्हणतात हो. एकट्या नॉटिंगहॅममध्ये तीन पब आहेत "सगळ्यात जुने".

पेठेतला
म्हणजे तिकडे पण "आमची कुठेही शाखा नाही" आहे तर. आता बरं वाटलं.

वऱ्हाडी_ठेचा
माह्या पहिल्या पबची गोष्ट. आमी दोघं जाऊन टेबलावर बसलो तं बसलोच. अर्धा तास झाला, कोणी पाणी पण विचारेना बाप्पा. मले वाटलं आपण भारतीय म्हणून हे असं करून राह्यले. लय राग आला. तोंड पाडून उठलो तं बाजूचे आजोबा म्हणे, बेटा, इथं वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन सांगा लागते. मंग त्याइनंच आमाले दोन ग्लास घेऊन देल्ले. आमी थँक्यू म्हणून पिऊन निंघून आलो.

सहा महिन्यानं ऑफिसात समजलं का त्याले राउंड म्हणते. त्याइनं घेतला तं पुढचा आपण घ्या लागते. अजूनही रातच्याले आठवण येते त्या म्हाताऱ्याची.

भिशीवाली
राउंड म्हणजे भिशीच की. आपला नंबर लागल्यावर पळून जायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
पळालो ना वो मी, पहिलीच भिशी घेऊन.

सहाफुटी
राय. समुद्राजवळचं टेकडीवरचं गाव, ससेक्स. मर्मेड इन. तळघर ११५६ चं, बाकी १४२० ला पुन्हा बांधलंय. आम्ही रात्री राहिलो. मर्मेड स्ट्रीट म्हणजे गोटे बसवलेला चढ, त्यावरून चाकाची बॅग ओढली. सगळ्या गल्लीला कळलं मराठी माणूस आला. चाक एक तिथेच राहिलं.

हॉकहर्स्ट गँग नावाचे स्मगलर इथे भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून दारू प्यायचे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, कारण त्या तुळया. उंची साडेपाच फूट. संध्याकाळी एक, रात्री एक, सकाळी चहाला उतरताना एक. बायको म्हणाली देवळात नाही एवढा वाकलास.

केंब्रिजकर
बरीहून आमच्याकडे तासाभराच्या आत येतं माणूस. द ईगल. मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्तीच्या काजळीने आणि लायटरने आपापली नावं, स्क्वाड्रनचे आकडे लिहून ठेवलेत. छत तांबडं-तपकिरी, अक्षरं काळी, काही वाकडीतिकडी, कारण लिहिणारा खुर्चीवर चढलेला आणि प्यायलेला. त्यातले किती परत आले देव जाणे. तिथे बसून चिप्स खाताना मला दर वेळी थोडं कसंतरीच होतं.

२८ फेब्रुवारी १९५३ ला फ्रान्सिस क्रिक हा शास्त्रज्ञ दुपारच्या जेवणाला इथेच येऊन म्हणाला होता की आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं. म्हणजे डीएनएची रचना. माझी आत्या आली होती, ती शाळेत सायन्स शिकवायची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि ती फ्रँकलिन कुठे जेवत होती?" (रोझालिंड फ्रँकलिन, जिच्या क्ष-किरण फोटोचा आधार घेऊन हे सापडलं.)

भिशीवाली
आत्या 🙏🙏

शुद्ध_शाकाहारी
खरं सांगू का, कोणी हसू नका. यॉर्कशायरमधलं एक खेडं. बारवर पाकिटं टांगलेली. बाहेरून हुबेहूब तळलेल्या कुरडया. इतका आनंद झाला मला, आईची आठवण वगैरे. अर्धं पाकीट संपल्यावर नवऱ्यानं पाठीमागचं वाचलं. पोर्क स्क्रॅचिंग्ज. डुकराची कातडी.

चहाबाज
हसत नाहीये. (हसतोय)

शुद्ध_शाकाहारी
चव कुरडईसारखी नव्हती, पण वाईटही नव्हती. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतेय. आईला कोणी सांगू नका.

काजूबोंडू
एवढं लांब कशाला जाता? पणजीत फोंतेन्हासला या. रंगीत घरं, अरुंद गल्ल्या, आणि असे बार की चार माणसं आत, बाकीची पायरीवर. मार्च ते मे हुर्राक. काजूची बोंडं तुडवून रस काढतात, पहिल्या धारेची ती हुर्राक, दुसऱ्यांदा उकळली की फेणी. हुर्राकीत लिम्का, मीठ, लिंबू आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. टिकत नाही ती, म्हणून सीझनलाच या. आमच्या गावच्या तावेर्नात अजून लाकडी बाकडं आणि भिंतीवर खुरीस (क्रूस) आहे, आणि उधारीची वही त्याच्या बरोब्बर खाली. देवाच्या डोळ्यादेखत कोण खोटं बोलणार?

सहाफुटी
तुळया किती उंच?

काजूबोंडू
तुम्ही पायरीवर बसा.

काळा_प्रांत
मी डडलीजवळ राहतो. आमच्या इथल्या हिमलीचा क्रुकेड हाउस. १७६५ चं शेतघर होतं, पुढे पब झाला. खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचली आणि एका बाजूनं इमारत चांगली चारेक फूट कलली. आत गेलं की न पिताच झिंग. बारवर गोटी ठेवली की ती चढाला लागल्यासारखी वर जायची. पोरगा पाच वर्षांचा होता, तासभर तेच करत बसला.

५ ऑगस्ट २०२३ ला रात्री आग लागली. दोन दिवसांनी उरलेलं पण पाडून टाकलं. आम्ही बघायला गेलो होतो, बरीच माणसं आली होती, काही जण विटा उचलून गाडीत ठेवत होते. पोरगा आता मोठा आहे. खिशात ती गोटी घेऊन आला होता, मला नंतर कळलं.

भिशीवाली
अरेरे. परत बांधणार होते ना?

काळा_प्रांत
होतं तसं बांधा असा आदेश निघालाय २०२४ मध्ये. पण वाकडं घर सरळ माणसांकडून कसं बांधून होणार बघू.

पेठेतला
अवांतर: बीटाची साखर म्हणजे ते कोशिंबिरीचं लाल बीट का? मग साखर गुलाबी का नसते?

कृष्णाकाठ
नाही हो, हे पांढरं असतं, मोठ्या मुळ्यासारखं दिसतं.

शुद्ध_शाकाहारी
कोशिंबिरीवरून आठवलं, बीटाच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालता का नारळ?

भिशीवाली
कूट. आणि वरून फोडणी.

काजूबोंडू
नारळ. हा प्रश्नच कसा पडतो.

कृष्णाकाठ
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. कुरडईला खूप हसले, गोटीला गप्प झाले. त्यांचा एकच प्रश्न आहे, तो दहा वर्षं राहिलाय. बीटाचा साखर उतारा किती? तिथे कुणाला विचारायचं राहून गेलं.

नॉरफोकचा_शेतकरी
शेतकरी नाही, शेतकी कंपनीत हिशोब बघतो, नाव उगाच घेतलंय. बीटात साखर साधारण १६ ते १८ टक्के.

कृष्णाकाठ
सांगितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपला साडेबारा झाला की पेढे वाटायचे," म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन, "पण त्यांच्या पोरांना बांधावर बसून बीट सोलून खाता येत असेल का गं?"

चहाबाज
साखरेचा उतारा, दृष्टीचा उतारा. आता फक्त दुसऱ्या दिवशी सकाळचा उतारा राहिला.

वऱ्हाडी_ठेचा
त्याले ताक. मीठ जास्त. मी सांगतो, अनुभव हाय.

पेठेतला
लिंबू-सरबत. आणि हो, एकादशी झाली काल.

केंब्रिजकर
धागा वर काढतोय. काल कामाने बरीला गेलो होतो, मुद्दाम नटशेलमध्ये शिरलो. आम्ही पाच जण, आधीचे सहा, झालं हाउसफुल्ल. काउंटरपर्यंत हात पुरत होता, पाय नाही, ग्लास माणसांच्या डोक्यावरून आले. मांजर आहे तिथेच. आणि बाबांना सांगा, कुत्रा पण होता एक, तपकिरी, म्हातारा. बाकाखाली झोपला होता, आणि सगळे आपापले पाय उचलून बसले होते.