किटकॅट फ्यूजवर एसी, गीझर: बोर्ड बदलायलाच हवा का?

नौपाडा_1बीएचके: ठाण्यात जुनी सोसायटी. लाकडी बोर्डावर चिनी मातीचे चार किटकॅट, वायरिंगला अर्थिंग नाही. दीड टनाचा एसी, 2 किलोवॅटचा गीझर आणि इंडक्शनचा पॉइंट घ्यायचाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्यूजची तार जाड घालू, भागेल. भागेल का?

वायरमन_कळवा: अजिबात घालू देऊ नका. तार जाड केली की फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, इंडक्शनही तेवढंच, एसी सात-आठ. तिन्ही एकदम चालले तर 25 झाले.

एखादा दिवा-पंखा वाढवायचा असता तर बोर्डाला हात लावायची गरज नव्हती. इथे मात्र नवा डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात तो वितरण बोर्ड, हवाच. तिन्हींना थेट डीबीपासून वेगळी लाइन: एसीला 4 स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) तांबं आणि 20 अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरू होतानाचा क्षणिक जादा करंट सोसणारा) एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, बाकी दोघांना 2.5 स्क्वेअर आणि 16 चा. दिव्यांना 6 चा पुरे. सगळ्यांच्या आधी 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. मीटरपासून घरात येणारी वायर बारीक असेल तर तीही बदला, नाहीतर नव्या डीबीचा उपयोग काय?

ऐरोली_सुपरवायझर: न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, विसरू नका. जुन्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे जिवंत करंट, येतच असतो. तो फ्यूज काढून न्यूट्रल थेट जोडायचा.

दुसरं, खोल्याखोल्यांचे न्यूट्रल आत कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. त्यातला एक जरी आरसीसीबीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला, राहिला, तर लोड टाकताच ट्रिप. मग माणसं आरसीसीबीच बायपास करतात, आणि हे फार धोक्याचं आहे. आधी जुन्या लाइन 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलेली लाइन नव्या डीबीवर घ्यायची नाही.

नौपाडा_1बीएचके: आरसीसीबी बसवला तर अर्थिंग नसलं तरी चालेल ना?

वायरमन_कळवा: ट्रिप होईल, पण कधी? लीकेज झालेल्या गीझरला कोणी हात लावेल तेव्हा. अर्थिंग असेल तर करंटला वाट मिळते, हात लागण्याआधीच ट्रिप होतो. मीटर रूममधल्या अर्थपासून वेगळी हिरवी वायर वर आणा. न्यूट्रलला अर्थची पिन जोडणं किंवा नळाच्या पाइपला अर्थ देणं, दोन्ही जिवावर बेतणारं.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार बघा. कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज आधी करा, आणि काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून टेस्ट रिपोर्ट घ्या.