'आपला', 'त्यांचा' आणि इंग्रजीतला मालक

मूळ प्रश्न

भाची नववीत आहे, सेमी-इंग्रजीला. कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहते, म्हणून वह्या माझ्याकडे येतात. परवा भाषांतराला वाक्य होतं: 'आजोबांनी आपला चष्मा आजीला दिला.' तिने लिहिलं, 'ग्रँडफादर गेव्ह अवर स्पेक्टॅकल्स टु ग्रँडमदर.' मला हसू आलं, तर म्हणाली, "आपला म्हणजे अवरच ना गं मावशी?" आणि मला चटकन उत्तर देता येईना. पुढचं वाक्य 'बाई त्यांची छत्री वर्गात विसरल्या'. त्यात छत्री झाली 'देअर अंब्रेला'. माय-माइन, युअर-युअर्स हा तक्ता तिला तोंडपाठ आहे. तरी असं का होतं?

प्रतिसाद १

ताई, तक्ता पाठ असून उपयोग नाही, कारण ही चूक इंग्रजीतली नाहीच. मराठीचे दोन शब्द तिला फसवतायत. मी बरीच वर्षं शिकवणी घेतली. हुशार मुलंही नेमकी इथेच घसरतात.

'तिचा भाऊ' हा शब्द सोलून बघा. 'ति' सांगते मालकीण कोण. 'चा' सांगतो की मालकीची गोष्ट पुल्लिंगी आणि एकच आहे. आपली षष्ठी अशी दोन्हीकडे तोंड असलेली. तिचा भाऊ, तिची बहीण, तिचं घर, तिच्या वह्या. इंग्रजी मात्र फक्त मालकाकडे बघते आणि भाऊ, बहीण, घर, वह्या सगळ्यांना एकच 'हर' लावते. हिंदीत 'उसका' म्हटलं की मालक बाई की बुवा ते कळत नाही. मराठीत कळतं, म्हणून हिज-हरच्या गोंधळात आपली मुलं त्या मानाने कमी अडकतात.

मग अडतं कुठे? जिथे मराठी स्वतःच मालक लपवते तिथे. पहिला शब्द 'त्यांचा'. बाई एकच, पण मान द्यायचा म्हणून अनेकवचन. इंग्रजीला हा मान माहीत नाही. तिथे मुख्यमंत्र्यांची छत्रीसुद्धा 'हिज' किंवा 'हर'च. दुसरा शब्द 'आपला', आणि हा पक्का बहुरूपी. 'आपलं नाव काय?' यात तो समोरच्याचा. 'आपल्या गल्लीत खड्डे पडलेत' यात तुमचा-माझा दोघांचा. 'आजोबांनी आपला चष्मा दिला' यात तो कर्त्याचा, म्हणजे आजोबांचा स्वतःचा. तीन अर्थ आणि इंग्रजीत तीन वेगळे शब्द: युअर, अवर, हिज.

मी मुलांना एकच सवय लावायचो. भाषांतर करण्याआधी 'कुणाचा?' असं मोठ्याने विचारायचं आणि सर्वनामात नाही, नावात उत्तर द्यायचं. कुणाचा चष्मा? आजोबांचा. मग हिज. कुणाची छत्री? बाईंची. मग हर.

जाता जाता, याबाबतीत आपण इंग्रजीहून श्रीमंत आहोत. 'मोठ्याने धाकट्याला आपली सायकल दिली' आणि 'मोठ्याने धाकट्याला त्याची सायकल दिली', सायकल कुणाची हे आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज', आणि मग 'हिज ओन' म्हणत खुलासा करत बसायचं. 'आमच्या सोसायटीत पाणी नाही' आणि 'आपल्या सोसायटीत पाणी नाही' यातला फरक तर इंग्रजीत एका शब्दात येतच नाही. ऐकणारा त्याच टाकीचं पाणी पितो की नाही, ते 'अवर' सांगत नाही.

प्रतिसाद २

काकांचं पटलं. पण मी मुद्रितं तपासतो, आणि मला रोज छळते ती अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या डोक्याशी बसणारी स्वल्पविरामासारखी खूण. देवनागरीत 'इट्स' लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फोड करून सांगतो. 'इट इज'मधला 'आय' गेला की त्याच्या जागी ती खूण बसते. 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'ला खूण नाही.

आपल्याकडे हीच वस्तू अवग्रह म्हणून आहे. अथर्वशीर्षात 'अद्वितीयोऽसि' म्हणतो, तिथे 'असि'तला 'अ' गेला आणि त्याच्या जागी 'ऽ' आला. काहीतरी गळालंय याची ती पावती. नामाला लागणारी अपॉस्ट्रॉफीही मुळात अशीच. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय 'ई-एस' होता, त्यातला 'ई' झिजला. मालकी सांगणाऱ्या या सर्वनामांना मात्र आता ही खूण नाही: हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, इट्स. 'आपला विश्वासू'च्या जागी 'युअर्स फेथफुली' लिहिताना मधे शेपूट टाकणारे अर्ज मी ढिगाने पाहिलेत. इंग्रजांना हसायला नको, त्यांचंही पूर्वी असंच चालायचं. सतराव्या-अठराव्या शतकात मालकीचं 'इट्स' खूण लावून सर्रास छापलं जाई.

आणि बंगल्यांवरच्या पाट्या! 'द जोशीज' म्हणजे जोशी कुटुंब, साधं अनेकवचन, खूण नाही. खूण देऊन लिहिलं की 'जोशींचा' होतं. पुढे काय, बंगला की कुत्रा, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. कॅम्पातल्या बिशप्स शाळेच्या नावात खूण 'एस'च्या आधी आहे, कारण बिशप एकच. मुलींच्या वसतिगृहात मुली अनेक, म्हणून 'गर्ल्स'मध्ये ती 'एस'च्या नंतर. 'चिल्ड्रन'ला मुळातच 'एस' नाही, तेव्हा तिथे पुन्हा आधी. ऑफिसात 'दोन दिवसांची रजा' मागताना 'टू डेज लीव्ह'मध्येही 'एस'नंतर खूण हवी. ती कुणी देत नाही, रजा तरी मिळते.

लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्टला खूण आहे आणि जवळच्याच बॅरन्स कोर्टला नाही. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ 1890 पासून नावांतून ही खूण काढतच आलंय. मार्थाज व्हिनयार्डसारखे मोजकेच अपवाद सुटले.

मूळ प्रश्नकर्ती

बापरे, वही बरीच सुधारायची आहे! आणखी एक. 'माझा एक मित्र' याचं ती 'माय वन फ्रेंड' करते. खरं सांगायचं तर मीही करते.

प्रतिसाद १

सगळं पुणं करतं. मराठीत 'माझा' आणि 'एक' शेजारी सुखाने नांदतात. इंग्रजीत 'माय' आणि 'अ' एकाच नामापुढे उभे राहत नाहीत. म्हणून मालकाला मागे पाठवायचं: 'अ फ्रेंड ऑफ माइन'. 'वन ऑफ माय' म्हणायचं असेल तर पुढे 'फ्रेंड्स', अनेकवचन. तिथला 'एस' खाणारे पदवीधर मला रोज भेटतात.

उलटा प्रकारही होतो. 'मी हात धुतले' असं आपण म्हणतो. कुणाचे, हे सांगायची गरजच नाही, शेजाऱ्याचे कोण धुणार? इंग्रजीला मात्र तिथेही मालक लागतो: 'आय वॉश्ड माय हँड्स'.

प्रतिसाद ३

काका, एक शंका. हल्ली इंग्रजीत एका माणसालाही 'देअर' चालतं म्हणे. मग छत्री बरोबर नाही का?

प्रतिसाद १

चालतं, आणि हल्ली नाही, चौदाव्या शतकापासून चालतंय. 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.' माणूस कोण ते ठाऊक नाही, तिथे ते उत्तमच. हिने वाक्याची सुरुवात 'द टीचर' अशी केली असेल तर निम्मा गुण मी देईन. पण वर्गातल्या बाई कोण आहेत हे तिला माहीत आहे.

मूळ प्रश्नकर्ती

तिने 'मॅडम' लिहिलं होतं. गुण गेला. चष्मा मात्र तिने 'हिज' करून आणलाय, आणि 'आजी चष्मा घेऊन काय करणार?' असंही विचारलंय.