बोकडाच्या कूर्चेच्या पेशी वाढतात, पण स्पंजमध्ये कूर्चा धरत नाही. कुठे चुकतंय?

गणेशखिंड_लॅब:
नमस्कार. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. पुण्याच्या कॅम्पातून आणलेल्या बोकडाच्या गुडघ्यातली कूर्चा सोलून ०.२ टक्के कोलॅजिनेजमध्ये (कूर्चा विरघळवून पेशी सुट्या करणारं एन्झाइम) १८ तास ठेवते, मग फ्लास्कमध्ये तिसऱ्या पॅसेजपर्यंत (भरलेल्या फ्लास्कमधून काढून नव्यात लावणं म्हणजे एक पॅसेज) वाढवते. पेशी भरपूर मिळतात. त्या जिलेटिन-कायटोसनच्या स्पंजवर (८ मिमी व्यास, ३ मिमी जाडी, दर चकतीला ५ लाख) टाकून २१ दिवस १० टक्के सिरमच्या मीडियात ठेवल्या. सॅफ्रनिन-ओ (कूर्चेला लाल करणारा रंग) केलं तर कडेला फिकट लाल आणि मधे काहीच नाही.

सोबत अल्जिनेटचे (शेवाळातल्या जेलचे) मणीही केले होते. ते आठवड्यात बिलबिलीत झाले. गंमत म्हणजे डीएमएमबीला (जीएजी मोजायचा रंग) पेशी न घातलेल्या मण्यांतही जीएजी (कूर्चेतली ऋणभारित साखरसाखळी) भरपूर दिसतंय!

सरांचं म्हणणं, रुग्णांच्या गुडघ्यात बसवायच्या पेशीसुद्धा फ्लास्कमध्येच वाढवतात, मग आपल्याला काय अडचण?

स्पंजवाली:
आधी हिशेब करा. तुमची चकती साधारण ०.१५ मिली भरते. त्यात ५ लाख म्हणजे मिलीला ३३ लाख. इतक्या विरळ पेशी एकमेकींपासून लांब पडतात आणि त्यांनी तयार केलेलं मॅट्रिक्स (पेशींभोवतीचा कूर्चेचा गाभा) साठण्याआधीच मीडियात निघून जातं. मिलीला निदान २ कोटी धरा, म्हणजे एका चकतीला ३० लाख.

दुसरं, जाडी. बोकडाची कूर्चा मुळात मिलिमीटरभर असते, मग ३ मिमीची चकती हवी कशाला? स्थिर मीडियात मधल्या पेशींना ऑक्सिजन आणि ग्लुकोज पुरत नाही. १.५ मिमी ठेवा (मग त्याच हिशेबाने चकतीला १५ लाख पेशी) आणि ऑर्बिटल शेकरवर ५० आरपीएमला फिरवा.

तिसरं कुणी सांगत नाही. फ्रीझ-ड्राय केलेल्या स्पंजला दुधावरच्या सायीसारखा बंद थर येतो. पेशी त्यावरच बसून राहतात. वरून-खालून अर्धा मिमी ब्लेडने काढून टाका, मगच चकत्या पाडा. पेशी थोड्या मीडियात दाट करून कोरड्या स्पंजवर अर्ध्या एका बाजूने टाका, अर्ध्या तासाने उलटवून उरलेल्या टाका, दोन तासांनी मीडिया भरा. आधीच भिजवलेला स्पंज पेशी आत ओढत नाही.

कायटोसनमधलं ॲसेटिक ॲसिड ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मारून पीएच ७ येईपर्यंत धुतलंय ना? क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना जोडणं) ग्लुटाराल्डिहाइडने केलं असेल तर उरलेले गट ०.१ मोलर ग्लायसिनने बंद करा. हे राहिलं असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही पेशी मरतील.

पॅसेज_मोजा:
तिसऱ्या पॅसेजला पेशी लांबट, फायब्रोब्लास्टसारख्या दिसत असतील. दिसणारच. प्लास्टिकवर पसरली की कॉन्ड्रोसाइट (कूर्चेची पेशी) टाइप-२ म्हणजे कूर्चेचं कोलॅजन बनवणं कमी करते आणि तंतुमय टाइप-१ वाढवते. पेशी किती वाढल्या याला फार अर्थ नाही, त्या कॉन्ड्रोसाइट राहिल्या का ते बघा. पहिल्या, फार तर दुसऱ्या पॅसेजला थांबा. पॅसेजपेक्षा डबलिंग (पेशी किती वेळा दुप्पट झाल्या) मोजलेलं बरं, कारण विरळ लावलेल्या फ्लास्कचा एक पॅसेज दाट लावलेल्याच्या दोनाइतका पडतो. वाढवताना मिलीला ५ नॅनोग्रॅम एफजीएफ-२ (वाढीचं प्रोटीन) घातलं तर पुढे परत वळण्याची क्षमता टिकते.

खरी गडबड मात्र सिरमची आहे. वाढवताना सिरम हवं, कूर्चा बनवताना नको. स्पंजवर टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून हे वापरा: हाय-ग्लुकोज डीएमईएम, १ टक्का आयटीएस (इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम), १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, मिलीला ५० मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट, ४० मायक्रोग्रॅम प्रोलिन, १ मिलिमोलर पायरुव्हेट आणि मिलीला १० नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा३ (कूर्चा बनवायला लावणारं प्रोटीन). साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड नको, इनक्युबेटरमध्ये लवकर खराब होतं.

टीजीएफ महाग म्हणून गाळू नका. १२ चकत्या, प्रत्येकी २ मिली, आठवड्यातून तीनदा बदल, तीन आठवडे: २१६ मिली, म्हणजे सव्वादोन मायक्रोग्रॅमसुद्धा लागत नाही. १० मायक्रोग्रॅमची एक व्हायल पुरून उरते. ती ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून विरघळवा आणि छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा. बीएसए विसरलात तर प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं.

आणि प्रत्येक बॅचसोबत पेलेट (स्पंजविना नुसत्या पेशींचा गोळा) लावाच. अडीच लाख पेशी, १५ मिलीची पॉलिप्रोपिलीन कोनिकल ट्यूब, ५०० जी ला पाच मिनिटं, झाकण सैल. पेलेट लाल आणि स्पंज पांढरा आला तर दोष स्पंजमध्ये. दोन्ही पांढरे आले तर पेशी किंवा मीडिया.

मटण_मार्केट:
कोलॅजिनेज १८ तास जास्तच होतंय. ०.२ टक्के प्रोनेज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) एक तास, मग ०.१ टक्का कोलॅजिनेज-२, ५ टक्के सिरमसकट १२ ते १४ तास, हळू हलवत. तुकडे १-२ मिमीचे आणि ब्लेड सारखं बदलत जा, बोथट पात्याने कडेच्या पेशी मरतात. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. बुधवारी रात्री डायजेशन लावू नका. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं शटडाऊन आलं आणि बॅकअप नसला की ३७ डिग्रीचं पाणी कुठल्या कुठे जातं.

मालाबद्दल: दुकानात जे 'पाये' मिळतात ते आपल्या कामाचे नाहीत. ते गुडघ्याच्या बरेच खालचे असतात आणि केस काढायला जाळावर भाजलेले असतात. मागचं रान (मांडीसकट पाय) अख्खं मागा आणि गुडघा फोडू नका म्हणून आधीच सांगा, नाहीतर सवयीने सत्तूर मारतातच. सांध्याची पिशवी बंद असेल तर आतला भाग निर्जंतुक राहतो. बर्फात प्लास्टिकमधून आणा, गोठवू नका, सहाएक तासांत कामाला लागा. रविवारच्या गर्दीत कोणी ऐकून घेत नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवा.

सोडियम_सायट्रेट:
मणी बिलबिलीत झाले कारण तुम्ही ते पीबीएसने (फॉस्फेटचं सलाइन) धुतले असणार. फॉस्फेट कॅल्शियम पकडतं आणि जेल सुटतं. ०.९ टक्के सलाइन वापरा. पद्धत: १.२ टक्के अल्जिनेट सलाइनमध्ये, मिलीला ४० लाख पेशी, २२ गेजच्या सुईतून १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब, १० मिनिटं. सोडवायचे तेव्हा ५५ मिलिमोलर सायट्रेट.

डीएमएमबीचं म्हणाल तर अल्जिनेटही ऋणभारित आहे, ते रंगाला चिकटतं. रंगद्रावणाचा पीएच ३ ऐवजी १.५ करा. तिथे अल्जिनेटचे कार्बोक्सिल शांत बसतात, जीएजीचे सल्फेट नाही. शिवाय रिकामे मणी पॅपेनमध्ये (पपईतलं एन्झाइम) विरघळवून त्यातच स्टँडर्ड कर्व्ह काढा. उत्तर जीएजी/डीएनए असं द्या, नुसतं जीएजी नको.

ऑर्थो_डेक्कन:
सरांच्या प्रश्नाबद्दल. त्यांचं चूक नाही. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी गुडघ्यात बसवलेल्या २३ रुग्णांचा अहवाल दिला तेव्हाही पेशी फ्लास्कमध्येच वाढवल्या होत्या. २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कोलॅजन पटलावरच्या उत्पादनातही, दर चौरस सेमीला ५ ते १० लाख पेशी, वाढवलेल्याच असतात. फरक इतकाच की पुढचं काम सांधा करतो. त्याला महिने मिळतात, सायनोव्हियल द्रव (सांध्यातलं वंगण) मिळतो, हळूहळू वाढणारा भार मिळतो. तुमच्या चकतीला २१ दिवस आणि प्लास्टिकची वाटी.

आणि तिथेही पेशी एकट्या यशस्वी होत नाहीत. खराब कूर्चा क्युरेटने (खरवडायचं हत्यार) निरोगी कडेपर्यंत काढून भिंती उभ्या ठेवाव्या लागतात. उतरत्या कडेला पटल टिकत नाही. खालचं हाड फोडायचं नाही. टूर्निके (रक्त थांबवायला मांडीला बांधलेला पट्टा) सोडून रक्त येतंय का बघायचं, कारण मज्जेचं रक्त आलं की तिथे तंतुमय कूर्चा भरते. फायब्रिन ग्लू पातळ थरात. पाय वाकडा असेल किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) गेलेला असेल तर ते आधी किंवा सोबतच सुधारायचं, नाहीतर नवी कूर्चाही तशीच घासते. पूर्ण झिजलेल्या, संधिवाताच्या गुडघ्याला हा इलाज नाहीच. 'स्टेम सेलचं इंजेक्शन, कूर्चा परत' अशा जाहिराती दिसतात, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

गणेशखिंड_लॅब:
खूप आभार सगळ्यांचे. मणी पीबीएसनेच धुतले होते. पहिल्या पॅसेजच्या पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक) गोठवलेल्या आहेत. त्या चालतील, की नवं रान आणायचं?

पॅसेज_मोजा:
चालतील. ३७ डिग्रीला झटकन वितळवा, लगेच धुवा, फ्लास्कमध्ये लावा. ट्रायपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) विसंबू नका, गोठवलेल्या पेशी रात्रीतूनही मरतात. २४ तासांनी चिकटलेल्याच खऱ्या. फ्लास्क ८० टक्के भरला की काढा, मोजा आणि मिलीला २ कोटींच्या हिशेबात जेवढ्या चकत्या बसतील तेवढ्याच लावा. पेशी कमी पडल्या तर चकत्या कमी करा, पेशी वाटून देऊ नका.