चक्कर आणि डोकेदुखी: सीटी की एमआरआय?

प्रश्न: आईला (वय 58) अधूनमधून गरगरते व डोके दुखते, रक्तदाब आणि साखर ठीक आहे. तालुक्याला फक्त सीटी (क्ष-किरणांचा स्कॅन) होते, एमआरआयसाठी (चुंबकाने होणाऱ्या स्कॅनसाठी) सेवाग्राम किंवा नागपूर गाठावे लागेल. काय करावे?

उत्तर: सीटीत ताजा रक्तस्राव लगेच दिसतो, परंतु ज्या लहान मेंदूच्या (डोक्याच्या मागे खाली असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाच्या) बिघाडाने चक्कर येऊ शकते, तो भाग भोवतालच्या जाड हाडांमुळे तीत अस्पष्ट राहतो, म्हणून तेथे एमआरआय सरस ठरतो. पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे यंत्र) बसवलेला असल्यास एमआरआयच्या आधी सांगावे, कारण त्यातले चुंबक त्याला बाधू शकते.

दुसरे उत्तर: घाई कशाला? कूस बदलताना काही सेकंदच गरगरत असेल, तर दोष बहुधा कानात असतो आणि कानाचे डॉक्टर तो डिक्स-हॉलपाइक चाचणीने (डोके एका बाजूला वळवून झटकन आडवे करून) खाटेवरच ओळखतात.

प्रश्नकर्ता: कूस बदलतानाच गरगरते. आधी कानच दाखवतो.

पहिले उत्तरदाते: योग्य, मात्र बोलणे अडखळले, दुहेरी दिसले किंवा चालता येईना, तर तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.